रेघकाकांसाठी मशीन

पाणीपुरवठा खात्याच्या इमारतीत जिना जिथे संपतो आणि चढणाऱ्याला धाप लागते, तिथेच नकाशा विभागाचं दार आहे. आत भिंतभर शहराचा नकाशा, संगणकांची टेबलं आणि जुन्या कागदी नकाशांची लोखंडी कपाटं. त्या कपाटांचे खण ओढायला अजूनही अंगात ताकद लागते. या विभागाच्या प्रमुख म्हणजे ताई. त्यांना रीतसर नाव आहे, पण ते पगारपत्रकापुरतं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणतात आणि त्या खोलीबाहेर पडल्या की 'ढगबाई' म्हणतात. ताईंना हे पक्कं माहीत आहे. त्या कानाडोळा करतात, कारण नाव त्यांनाही मनातून आवडलेलं आहे.

ढगबाई का, तर खात्याचे सगळे नकाशे क्लाउडवर न्यायचं ठरलं आणि ते लोढणं ताईंच्या गळ्यात पडलं. तोवर नकाशे तळघरातल्या एका जुन्या सर्व्हरवर होते. तो उन्हाळ्यात तापायचा, एरवी रुसायचा आणि नेमका कुठे पाइप फुटला की आजारी पडायचा. पाइप फुटला की दुरुस्तीवाले मोबाइलवर नकाशा उघडतात, कुठला व्हॉल्व बंद करायचा ते बघतात आणि बंद करतात. नकाशा उघडलाच नाही तर बिचारे फावडी टेकून उभे राहतात, पाणी रस्त्यानं वाहत जातं आणि लोक खात्याच्या नावानं बोटं मोडतात. तेव्हा बदल हवा होता याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. तो करायचा कोणी, एवढाच प्रश्न होता. बैठकीत सगळे एकदम चहाच्या कपात बघायला लागले आणि ताईंनी चुकून मान वर केली.

आता क्लाउड म्हणजे काय, तर दूरवरच्या कुठल्यातरी इमारतीतले, दुसऱ्याच्या मालकीचे संगणक आपण भाड्यानं घ्यायचे. एकेका दांडग्या संगणकाचे आतल्या आत भाग पाडून गिऱ्हाइकांना देतात. त्या भागाला म्हणायचं व्हर्च्युअल मशीन. हात लावायला काही नसतं, पण काम सगळं होतं. आणि त्याचे प्रकार किती! जास्त मेमरीचं, वेगवान प्रोसेसरचं, वेगवान डिस्कचं, ग्राफिक्सचं. त्यात पुन्हा लहान, मध्यम, मोठं आणि राक्षसी. ताई ते सगळं वाचत खाली खाली जात राहिल्या आणि शेवटी चष्मा काढून डोळे चोळत बसल्या.

"एक चांगलं दणकट मशीन घेऊन टाकू की," साहेब म्हणाले. साहेब माणूस सरळ. त्यांना कुठलीही गोष्ट एकच असली की बरं वाटतं.

"तसं नाही होत साहेब," ताई म्हणाल्या. "हे नकाशाचं सॉफ्टवेअर म्हणजे एकत्र कुटुंब आहे. एक जण सगळी माहिती सांभाळतो, एक मागेल त्याला नकाशा वाढतो, एक दारावर बसून कोण आलं कोण गेलं बघतो. प्रत्येकाची भूक वेगळी. सगळ्यांना एका ताटात बसवलं तर भांडतील."

"मग वेगळी चूल मांडा," साहेब म्हणाले आणि सुटले.

मशीन भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा एक माणूस अधूनमधून यायचा. कडक इस्त्री, हसतमुख चेहरा, आणि कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर ठरलेलं, "मोठंच घ्या मॅडम." माहितीसाठी कुठलं? मोठंच घ्या. नकाशे वाढायला? मोठंच घ्या. ताईंनी त्याचं नाव मनातल्या मनात 'मोठंचघ्या' ठेवलं होतं. पण त्यांना स्वतःलाही या विषयाचा फारसा अनुभव नव्हता, म्हणून त्यांनी चाचणीपुरती बऱ्यापैकी मोठी मशीनं घेतली. चाचणी संपली की आवडलेल्या मशीनांचा तीन वर्षांचा करार करायचा होता. करारानं भाडं बरंच उतरत होतं, पण एकदा सही झाली की तीन वर्षं हूं की चूं करायची सोय नव्हती.

हे सगळं चालू होतं तेव्हा ताईंच्या मनात मात्र एकच माणूस होता, तो म्हणजे रेघकाका.

रेघकाका म्हणजे नकाशा विभागाचे सर्वांत जुने आणि आता एकटेच उरलेले आरेखक. सबंध शहराच्या पोटातले पाइप त्यांच्या हातून कागदावर उतरले, आधी शाईनं आणि मग संगणकावर. त्यांची रेघ कधी थरथरली नाही की कुठे जाड-बारीक झाली नाही. दुसऱ्या कोणी काढलेला नकाशा लांबून दाखवला तरी ते ओठ दुमडून घ्यायचे. बोलायचे काही नाहीत. तक्रार हा प्रकार त्यांच्या स्वभावातच नव्हता. चहा गार असला तरी छान, खुर्ची मोडकी असली तरी चालेल, रजा नाकारली तरी बरं झालं, काम होतंच. घरीही तेच. काकू म्हणायच्या, "यांना मी एकदा बिनमिठाचं जेवण वाढलं. दुसऱ्यांदा मागून घेतलं यांनी. मी जेवायला बसले तेव्हा मला कळलं."

ताई या विभागात आल्या तेव्हा कोवळ्या वयाच्या होत्या आणि पदरात लहान मुलगी होती. नवरा गेलेला, सासरच्यांनी हात झटकलेले, माहेर लांब. मुलीला सांभाळणारी बाई आली नाही की ताई तिला कार्यालयात घेऊन यायच्या आणि अंग चोरून बसायच्या. त्या वेळच्या साहेबांना हे खपायचं नाही. पण रेघकाकांचं टेबल खोलीच्या कोपऱ्यात होतं, भलंमोठं, चारी बाजूंनी नकाशे लोंबत असलेलं. त्यांनी एक दिवस काही न बोलता टेबलाखाली जुनी सतरंजी टाकली आणि वाया गेलेल्या ट्रेसिंग पेपरचे तुकडे नि बोथट पेन्सिली ठेवून दिल्या. मुलगी तिथे दिवसच्या दिवस रेघोट्या मारत बसायची. साहेब आत आले की काका मोठा नकाशा उलगडायचे, म्हणजे टेबलाखालचं काही दिसायचं नाही. नकाशा गुंडाळला की समजायचं, साहेब गेले.

पुढे संगणक आले. नकाशाचं सॉफ्टवेअर शिकायला परगावी एकालाच पाठवायचं होतं आणि पहिला मान काकांचा होता. काका म्हणाले, "माझे डोळे नाही चालायचे त्या पडद्यावर. हिला पाठवा." ताई गेल्या, शिकून आल्या, आणि त्या शिक्षणावरच पुढे विभागप्रमुख झाल्या. आल्यावर त्यांनी काकांना शिकवायला घेतलं, तर महिन्याभरात काका सगळ्यांच्या पुढे. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. ताईंनी कधी हा विषय काढला नाही आणि काकांनीही नाही. पण मुलगी शिकून नोकरीला लागली त्या दिवशी ताई देवापुढे हात जोडून उभ्या राहिल्या तेव्हा देवाच्या जागी त्यांना ते कोपऱ्यातलं टेबल दिसलं. असे उपकार फेडायची कुठे सोय नसते. ते मनात जपायचे आणि त्यांच्या आधारानं चांगलं वागायचं, एवढंच करता येतं, आणि ताई ते करत आल्या होत्या.

अशा काकांचा मणका गेला. जिन्यात पाय घसरल्याचं निमित्त झालं. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पायही हलू लागले, पण जिना बंद. डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या घरात काठीनं चाला, थोडं बसा, बराच वेळ पडून राहा. काका राहायचे चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. निवृत्तीला अजून अवकाश होता. खात्याचा नियम असा की कामावर येता येत नसेल तर लवकर निवृत्ती घ्या. ताई दवाखान्यात भेटायला गेल्या तेव्हा काकांनी हे स्वतःच सांगितलं आणि वर म्हणाले, "बरं झालं, आराम मिळेल." पण त्यांचा उजवा हात चादरीवर एकसारखा सरळ रेघ मारत होता. ताईंनी तो बघितला. या माणसाचं काम काढून घेतलं तर तो वर्षभरही टिकणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं.

ताई तडक साहेबांकडे गेल्या. "साहेब, नकाशे क्लाउडवर जाणारच आहेत. मग काढणारा माणूस कुठेही असला तरी चालतं. काकांच्या घरी नुसता पडदा, कीबोर्ड आणि माउस ठेवू. नकाशा काढायचं सॉफ्टवेअर तिकडच्या मशीनवर चालेल आणि त्याचं चित्र काकांच्या पडद्यावर येईल."

साहेबांनी विचार केला. साहेबांनाही काका हवेच होते. "चाचणीच्या काळात करून बघू. जमलं तर करारासोबत त्यांच्या घरून काम करण्याचा आदेश काढतो. नाही जमलं तर मात्र ताई, माझे हात बांधलेले आहेत."

अशी चाचणी सुरू झाली. ताईंनी ती अगदी डोळ्यांत तेल घालून केली. एके दिवशी दुपारच्या चहानंतर त्यांनी सबंध खात्याला एकाच वेळी नकाशा उघडायला लावला. बिलं विभाग, भांडार, दुरुस्तीवाले, साहेबांचा चालक, कोणालाही सोडलं नाही. "उघडला?" ताईंनी मोठ्यानं विचारलं. "उघडला!" खालच्या मजल्यावरून आवाज आला. भांडारातला एक जण म्हणाला, "माझं घर पण दिसतंय. माझ्या दारात तुमचा व्हॉल्व आहे हे मला आजच कळलं." हशा पिकला. मशीनं मजेत होती, कोणाला घाम फुटला नाही. दुरुस्तीवाल्यांनी तर तोंड भरून कौतुक केलं.

आणि काकांना ताई रोज फोन करायच्या. "काय काका, कसं चालतंय?"

"झकास चालतंय पोरी. तुझं मशीन छान आहे."

शिवाय काकांचं काम येतच होतं. नव्या वस्तीतल्या पाइपांचे नकाशे ठरल्या दिवशी यायचे, नेहमीसारखे निर्दोष. ताईंनी ते बघितले आणि निर्धास्त झाल्या. काम इतकं नेटकं येतंय म्हणजे मशीन नीटच चालत असणार, असा त्यांनी हिशोब केला. नकाशा विभागातल्या कोणीही तोच केला असता. रेघ चांगली तर सगळं चांगलं, असंच तिथे सगळे शिकले होते. ज्या माणसाच्या हातून वाकडी रेघ निघूच शकत नाही त्याच्या रेघेवरून मशीनची परीक्षा होत नसते, हे त्या घटकेला कोणाच्याच लक्षात आलं नाही.

करारावर सही व्हायच्या आदल्या दिवशी ताई सुट्टी टाकून काकांकडे गेल्या. मनात आनंद मावत नव्हता. उद्या आदेश निघणार, ही बातमी फोनवर सांगण्यासारखी नव्हती. चार मजले चढून त्यांनी दाराशी दम खाल्ला. काकूंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"काम चाललंय," त्या हळूच म्हणाल्या. "आत बस. पण बोलू नकोस लगेच. यांचं चुकलं की पहिल्यापासून करावं लागतं."

ताईंना हे जरा विचित्र वाटलं. काकांचं चुकतं कधीपासून? त्या बैठकीच्या खोलीतून आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या. काका खिडकीपाशी पाठमोरे बसले होते. कमरेला पट्टा, पाठीमागे उशा. पडद्यावर नकाशा होता. काकांनी माउस सरकवला. नकाशा हललाच नाही. काकांनी हात उचलून मांडीवर ठेवला, खिडकीबाहेर बघितलं, आणि मग नकाशा धक्के खात, तुकड्यातुकड्यानं सरकला. त्यांनी एक टोक टिपलं. पुन्हा हात मांडीवर. रेघ उमटायला वेळ लागला. ती उमटल्यावर त्यांनी कीबोर्डवर लांबीचा आकडा टाइप केला, कोन टाइप केला, आणि पुन्हा वाट बघत बसले. हातानं रेघ ओढणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. रेघ हाताबरोबर येतच नव्हती, तर ओढणार काय? आंधळा माणूस ओळखीच्या घरात वावरतो तसे ते त्या नकाशात वावरत होते.

ताई दारातून मागे सरल्या.

"रोज असंच?" त्यांनी वळून काकूंना विचारलं.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "उजाडतं तेव्हा बसतात. पूर्वी जे काम जेवणाआधी व्हायचं ते आता दिवे लागेपर्यंत पुरतं. डॉक्टर म्हणाले होते थोडंच बसा. रात्री कूस बदलता येत नाही यांना, मी बदलून देते. मला म्हणाले, तिला बोललीस तर बघ."

काकांनी आवाज ऐकला आणि मान वळवता येत नाही म्हणून सबंध खुर्चीच वळवली. "अगं तू! ये, ये. बघ, तुझं मशीन झकास..."

"काका, पुरे आता," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. काकांशी त्या अशा सुरात कधी बोलल्या नव्हत्या. "मला रोज खोटं का सांगत होता?"

काका माउसवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बसायला घे आधी." ताई बसल्या नाहीत. "हे बघ. मी म्हटलं असतं की जमत नाही, तर साहेब काय म्हणाले असते? घरून होत नाही, मग घ्या निवृत्ती. आणि दुसरं..." ते थांबले. "सगळ्या खात्यासमोर तू हे काम अंगावर घेतलंस. तुझ्या मशीनला पहिली खोट मी काढायची? तुझ्यामुळे तर मला हे दिवस दिसले पोरी. नाहीतर मी आज छताकडे बघत पडलो असतो. माझी पाठ काय, थोडी दुखली."

ताईंना रागही आला, रडूही आलं, आणि त्या दोन्हींच्या खाली एक मोठी लाट आली ती कृतज्ञतेची. आपण यांचे उपकार मानतोय आणि हे आपले मानतायत, आणि या मानामानीत बिचारा मणका भरडला जातोय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या रडता रडता हसल्या. मग त्यांनी डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि काकांच्या शेजारी बसून माउस हातात घेतला. दोन रेघा काढून बघितल्या. तिसऱ्या रेघेला त्यांना कळलं की घोडं कुठे अडलंय.

मशीन लहान नव्हतंच. मशीन चुकीच्या जातीचं होतं. मेमरी भरपूर, प्रोसेसर तगडा, पण चित्र रंगवणारा भाग, ज्याला ग्राफिक्स म्हणतात, तो त्यात नव्हताच. नकाशा नुसता बघायचा तर त्याची गरज पडत नाही. काढायचा तर जरा हललं की सबंध चित्र नव्यानं रंगवावं लागतं, हजारो पाइपांसकट. ते काम प्रोसेसर एकटा ओढत होता आणि त्याच्या नाकी नऊ येत होते. ताईंनी सगळ्या खात्याला नकाशा उघडायला लावला होता. काढायला कोणालाच लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कराराचे कागद साहेबांच्या टेबलावर तयार होते. मोठंचघ्या नवी टाय लावून बसला होता. ताई आत गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, सही करू नका. माझी चूक झालीय."

मोठंचघ्याचं हसू जागच्या जागी राहिलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. ताईंनी सगळं सांगितलं, काकूंनी कूस बदलून देण्यापर्यंत.

"ताई, मला समजतंय सगळं," साहेब म्हणाले. "पण सबंध खात्याचं काम सुरळीत चाललंय. ग्राफिक्सचं मशीन महाग. एका माणसासाठी घेतलं असं वर कसं सांगू?"

"एका माणसासाठी नाही साहेब. सबंध खातं नकाशा बघतं. काढतो तो एकटाच. त्यानं काढला नाही तर बाकीचे काय बघणार?"

साहेब खिडकीकडे बघू लागले. आणि मदत आली ती अशा ठिकाणाहून, जिथून ताईंनी अपेक्षाच केली नव्हती. मोठंचघ्यानं घसा साफ केला. "मॅडम, एक सांगू का? नकाशे वाढणारी तुमची मशीनं निम्मी रिकामी बसतायत. मी आकडे बघितलेत. मीच तुम्हाला मोठी घ्या म्हटलं होतं. ती एक पायरी खाली आणली तरी तुमच्या लोकांना फरक कळणार नाही." त्यानं टाय सैल केली. "आणि ग्राफिक्सचं मशीन करारात बांधूच नका. ते काम असेल तेव्हा चालू करायचं, झालं की बंद करायचं. बंद असेल तेव्हा भाडं नुसतं डिस्कचं, ते किरकोळ."

साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं जसं टेबलावरचं पेपरवेट अचानक बोलायला लागलंय. "मग हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी कोणी विचारलं नाही साहेब," तो म्हणाला, आणि मग खाली बघत म्हणाला, "माझे वडील पण असेच आहेत. विचारलं की सगळं छान आहे म्हणतात."

ताईंनी त्या क्षणापासून त्याला मोठंचघ्या म्हणणं सोडलं. मनातल्या मनातसुद्धा.

सही आठवडाभर पुढे गेली. नकाशे वाढणारी मशीनं लहान केली, पुन्हा एकदा सबंध खात्याला चहानंतर कामाला लावलं, आणि खरंच कोणाला काही कळलं नाही. काकांसाठी ग्राफिक्सचं मशीन उभं राहिलं. ते सकाळी आपोआप चालू होईल आणि काम संपलं की बंद होईल अशी व्यवस्था ताईंनी स्वतः केली. बंद होण्याची वेळ त्यांनी मुद्दाम लवकरची ठेवली, म्हणजे काकांना हट्टानं बसताच येऊ नये. शेवटी सहीही झाली आणि आदेशही निघाला. त्यात लिहिलं होतं की अमुक आरेखक निवृत्तीपर्यंत घरून काम करतील. साहेबांनी तो टपालात न टाकता ताईंच्या हातात दिला.

नवं मशीन चालू झालं त्या दिवशी ताई काकांकडे गेल्या नाहीत. आपण शेजारी बसलो तर ते पुन्हा झकासच म्हणतील, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फोनही केला नाही. त्या आपल्या जागेवर बसल्या, कामाचे कागद पुढे ओढले आणि एक अक्षर न वाचता ते पुन्हा मागे सरकवले. जेवणाच्या सुट्टीत काकूंचा फोन आला. "काम संपवून पडलेत गं," त्या म्हणाल्या. "चक्क घोरतायत. मला विश्वासच बसेना, म्हणून खोलीत जाऊन बघून आले." ताईंनी मागे सरकवलेले कागद पुन्हा पुढे ओढले.

आठवडा गेला. एका सकाळी विभागात सगळे कामाला लागले असताना ताईंचा फोन वाजला. काका होते.

"हा शाळेमागच्या गल्लीतला जोड कोणी काढलाय?" त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

ताई गडबडल्या. "कुठला काका?"

"दोन पाइप मिळतात तो. आता मला नकाशा नीट फिरवता येतो, म्हणून म्हटलं जुनं जरा बघून घेऊ. तर हा पाइप थेट लोकांच्या भिंतीतून नेलाय. त्या घरात माणसं राहतात की व्हॉल्व राहतो?"

"मी काढलाय काका," ताई हळूच म्हणाल्या.

"दिसतंयच ते. घाईत होतीस?"

"हो. तुम्ही दवाखान्यात होतात."

"मग काय झालं? मी दवाखान्यात होतो. पाइप होता ना जागेवर?"

सबंध विभाग ताईंकडे बघत होता. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी घाबरून उठली. "ताई, कोणाचा फोन आहे? काय झालं?"

ताईंनी फोनवर हात ठेवला. "काही नाही गं. काका ओरडतायत मला," त्या म्हणाल्या, आणि त्या मुलीला काही उमगेना, कारण ताई हसत होत्या.

फोनमधून काकांचा आवाज येतच होता. अशी रेघ काढतात का, इतकी वर्षं काय शिकवलं तुला, आणि पुढच्या चौकात तर याहून कहर केलायस.

ताईंनी कागद ओढला, पेन उघडलं आणि फोन कानाला लावला. "चुकलं काका," त्या म्हणाल्या. "अजून काय काय चुकलंय, सगळं सांगा."

आणि काका सांगू लागले.